निर्मळांची पहिली रांग

रविवारी सकाळी साडेदहाला लक्ष्मीबाई नगरच्या कॉलनी हॉलबाहेर चपलांचा ढीग पडला होता आणि ढिगापलीकडे चार पांढऱ्या सरकारी गाड्या उभ्या होत्या. दिवाळी होऊन दहा दिवस झाले होते. दिल्लीची हवा त्या दिवसांत जशी असते तशीच होती, म्हणजे समोरची इमारत दिसत नव्हती आणि जो तो डोळे चोळत होता. डोळ्यांच्या बाबाला याहून चांगला मुहूर्त कुठला मिळणार?

आत दोनशे माणसं दाटीवाटीने बसली होती. मंचावर नेत्रेश्वरबाबा. मानेसरला कारखान्यांच्या मागे यांचा पत्र्याचा आश्रम आहे, पण आमच्या मराठी मंडळाच्या आग्रहावरून ते गेले तीन रविवार इथे येत होते. समोर एक चांदीची डबी, एक चांदीची सळई आणि एक स्टीलची वाटी.

"दवाखाने की बूंदें आँसू का रास्ता बंद करती हैं!" बाबा माइकवर गरजले. "बूंद बंद, तो रास्ता खुला! मैं आँख नहीं देखता, माउली. मैं आँख के पीछे का मन देखता हूँ!"

टाळ्या. मन थेट दिसतं तर मग नाकावर बायफोकल चष्मा कशाला, हा प्रश्न दोनशेपैकी एकालाही पडला नाही.

"और मैं पराया नहीं हूँ. पिछले जनम में नाशिक में था!"

पुन्हा टाळ्या. मागच्या जन्मीचा रहिवासी दाखला कुणी मागितला नाही. हीच मंडळी ऑफिसात मात्र असल्या दाखल्यापायी जिवंत माणसांना चार-चार हेलपाटे घालायला लावतात.

मग चमत्कार सुरू झाला. एकेकाला मंचावर बोलावायचं, सळईने डबीतलं काळं अंजन खालच्या पापणीच्या आत फिरवायचं, डोळ्यांवर ओलं फडकं टाकायचं आणि पाच मिनिटं मंत्र म्हणायचा. फडकं काढलं की सळईच्या टोकाने डोळ्यातून एक करडा, बुळबुळीत गोळा बाहेर यायचा. बाबा तो वर धरून सगळ्यांना दाखवायचे. "यह देखिए जाला! डॉक्टर ने मशीन लगाई, लेंस डाली, और जाला अंदर ही छोड़ दिया!" गोळा वाटीत पडायचा आणि बायका हात जोडायच्या.

अंजन झोंबायचं. बहुतेक जण कळवळत, डोळ्यांतून धारा लागत. "रोने दो, पाप बह रहा है," बाबा म्हणायचे. पण एखादा असा निघायचा की त्याला काहीच व्हायचं नाही. डोळाही मिटायचा नाही. त्याला बाबा उठून मिठी मारत, "निर्मळ!" असं मराठीत ओरडत, गळ्यात झेंडूची माळ घालत आणि पहिल्या रांगेतल्या खुर्चीवर बसवत. थोडक्यात, जळलं तर पाप वाहिलं आणि नाही जळलं तर पाप नव्हतंच. छापा पडला तर बाबा जिंकले, काटा पडला तरी बाबाच.

"श्रीरंगजी आइए!"

माझ्या बहिणीचे यजमान उठले.

मी वैजयंती. दिल्लीतल्या शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं, आता मुलीबरोबर मुनिरक्यात भाड्याच्या दोन खोल्यांत राहते. अलकाताई माझी थोरली बहीण. तिचा मुलगा जयदीप मंत्रालयात अवर सचिव आहे. लक्ष्मीबाई नगरचा फ्लॅट त्याला मिळालेला, आणि मंडळाचा चिटणीसही तोच. श्रीरंगभाऊजी सरकारी नोकरीत नकाशे काढायचे. केसाएवढी रेघ ओढणारा माणूस. त्यांना अठरा वर्षं मधुमेह आहे. सहा वर्षांपूर्वी साखरेने उजव्या डोळ्याच्या आतला पडदा खाल्ला, त्या डोळ्याला आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. उरला डावा. त्यात मोतीबिंदू झाला, दोन महिन्यांपूर्वी ऑपरेशन झालं आणि ते उत्तम झालं. घरी आल्यावर भाऊजींनी स्वतः काढलेला जुना नकाशा उघडला, त्यातल्या एका वाडीचं बारीक अक्षरांतलं नाव वाचलं आणि लहान मुलासारखे हसले. मी समोर होते. त्या माणसाचं सगळं जग त्या एका डोळ्यात होतं, आणि त्याच डोळ्याकडे आता चांदीची सळई निघाली होती.

सळई आत फिरली. भाऊजी दगडासारखे बसून राहिले. पापणी हलली नाही, पाण्याचा थेंब आला नाही.

"न आह, न आँसू!" बाबा नाचायचे तेवढे बाकी राहिले. "तीसरा इतवार है, तीनों बार निर्मळ! ऐसी आत्मा दिल्ली में दूसरी नहीं!"

हॉलमध्ये 'अहाहा' उठलं. अलकाताई पदर डोळ्यांना लावून रडत होती. तिसरा रविवार? मला हे त्या क्षणी कळलं. सकाळी फोनवर ती एवढंच म्हणाली होती, "सत्संग आहे, ये."

"ताई, थेंब चालू आहेत ना?" मी तिच्या कानाशी विचारलं.

"बंद केले. बाबा म्हणाले म्हणून. तू केतकीला बोलू नकोस हं, ती ओरडते."

केतकी माझी मुलगी. डोळ्यांची डॉक्टर आहे आणि ओरडते, हे दोन्ही खरं.

अंजनानंतर चहा. आमच्या मंडळात बाईच्या हातात काहीतरी दिल्याशिवाय तिला मोकळं सोडत नाहीत. माझ्या हातात दोन थर्मास आले. एकाच्या मुठीला लाल दोरा बांधला होता. दोऱ्याचा थर्मास बिनसाखरेचा, ही मंडळाची वर्षानुवर्षांची पद्धत. मान पहिल्या रांगेचा, म्हणून मी तिथून सुरुवात केली. माळा घातलेले नऊ निर्मळ. पहिल्याने कप पुढे केला आणि म्हणाला, "दोऱ्याचा द्या." दुसऱ्यानेही तेच म्हटलं, तिसऱ्यानेही. नवापैकी आठ जणांनी दोऱ्याचा चहा घेतला. मग मी मागचा अख्खा हॉल फिरले. एकशे नव्वद माणसांत दोऱ्याचा मागणारे जेमतेम वीस निघाले.

शिक्षिकेला एक खोड असते. वर्गात पहिल्या बाकावरच्या आठही मुलांचं एकच उत्तर आलं, तर ती मुलं हुशार आहेत असं तिला वाटत नाही. उत्तर कुठून आलं, ते ती शोधायला लागते.

आणि मग मला दारावरचा फॉर्म आठवला. आत येताना बाबांच्या शिष्याने तीन गोष्टी विचारल्या होत्या. नाव, पद, आणि "शुगर कितने साल से?" मला साखर नाही म्हटल्यावर त्याने माझ्याकडे बघायचंही थांबवलं होतं. मंचावर येणाऱ्यांत अधूनमधून एक जुन्या साखरेचा मुद्दाम पुकारला जात होता. कोण निर्मळ निघणार, हे बाबांना मंत्र म्हणण्याआधीच ठाऊक होतं.

कार्यक्रम संपल्यावर शिष्य ती वाटी उचलायला आला. "यमुनाजी में विसर्जन होगा," तो म्हणाला.

"मैं कर दूँगी, भैया," मी म्हटलं आणि त्यातले दोन गोळे डब्यात घेतले. खोटं बोलले, हे कबूल. यमुनेत आधीच पुरेशी घाण आहे.

मुनिरक्याला चौथ्या मजल्यावर चढून आले, गोळे बशीत ठेवले आणि बशी पंख्याखाली. जेवण करून येऊन पाहते तो बुळबुळ आटलेली, आणि बशीत काळे बारीक दाणे. वरून चमचाभर पाणी घातलं. बघता बघता दाण्यांभोवती करडा, लिबलिबीत गोळा तयार झाला. मोतीबिंदूचं जाळं! मी एकटीच मोठमोठ्याने हसले. तो सब्जा होता. फालुद्यात घालतात तो. काळ्या अंजनात काळा दाणा मिसळला की कुणाला दिसत नाही. डोळ्यातल्या पाण्यानेही तो तसाच फुगतो, भोवती चिकट गोळा धरतो आणि बाहेर येतो. फडक्याखाली पाच मिनिटं मंत्र म्हणायचा तो त्याला फुगायला वेळ मिळावा म्हणून.

केतकी ड्यूटीवरून आली तेव्हा मी फुशारकीने बशी दाखवली. तिने बशीकडे एकदाच पाहिलं.

"काकांना जळलं नाही?" तिने विचारलं. "बिल्कुल नाही?"

"पापणीसुद्धा हलली नाही. पण हा सब्जा बघ तरी."

"सब्जा सोड, आई." तिचा आवाज एकदम खाली आला. "परवा व्हिडिओ कॉल केला होता ना मी, तेव्हा इतका स्मॉग होता की मावशी डोळे चोळत होती, दादा चोळत होता. काका बाल्कनीत आरामात बसले होते. मला तेव्हाच कळायला हवं होतं, यार!" तिने बॅग पुन्हा उचलली. "चल."

लक्ष्मीबाई नगरला पोचलो तर घरात पेढे वाटणं चालू होतं. जयदीपने आधी मलाच धारेवर धरलं.

"मावशी, तुला प्रॉब्लेम काय आहे? जॉइंट सेक्रेटरी साहेब स्वतः येतात. त्यांनी स्वतः रेफरन्स दिलाय. ते काय बेवकूफ आहेत का?"

"तुझ्या साहेबांनी स्वतः अंजन घातलंय का कधी?"

साहेबांनी कधीच घातलं नव्हतं. ते फक्त पाहुण्यांच्या खुर्चीवर बसत. साहेब बसतात म्हणून उपसचिव येत, उपसचिव येतात म्हणून जयदीप, आणि जयदीपच्या बापाचा डोळा या उतरंडीच्या तळाशी. वरच्याची सही दिसली की खालच्याने वाचायचं नसतं, ही यांची जन्माची सवय. ती फाइलीपुरती ठेवली असती तरी देशाचं पुरेसं नुकसान झालं असतं. पण हे लोक ती सवय घरीही घेऊन आले होते.

भाऊजी सोफ्यावर माळ घालूनच बसले होते. केतकीने डोळा बघायचं म्हणताच त्यांनी तोंड फिरवलं.

"नको, केतू. सहा वर्षं मी ऐकतोय. खाण्यावर ताबा नाही, गोळ्या चुकवल्या, म्हणून उजवा डोळा घालवला. डॉक्टर बोलले, अलका बोलली, हा जयदीप बोलला. आपल्या हाताने आंधळा झालेला माणूस मी. आणि आज दोनशे माणसांसमोर कुणीतरी मला निर्मळ म्हणालं." त्यांनी गळ्यातली माळ मुठीत धरली. "ते तरी राहू दे माझ्याकडे."

मला या माणसाचा राग करता येईना. बाबांचा मात्र शतपटीने आला. तो भामटा अंजन नुसतं डोळ्यात घालत नव्हता, नेमकं दुखऱ्या जागी घालत होता.

केतकी त्यांच्या पायाशी बसली. "काका, एकच टेस्ट. फक्त कापूस. मग मी काही बोलणार नाही, प्रॉमिस."

तिने कापसाची एक बारीक वात ओढली. आधी जयदीपला पुढे बसवलं. वात डोळ्याला लागायच्या आधीच तो "अरे यार!" म्हणत मागे उडाला. मग ती भाऊजींकडे वळली. "काका, डावी..." तिला शब्द आठवेना. "आई, पलक को क्या बोलते हैं?"

"पापणी."

तिने डावी पापणी वर धरली आणि वात बाजूने आणून थेट बुबुळावर टेकवली. आम्ही सगळ्यांनी पाहिलं. वात टेकली, वाकली, तिथेच राहिली. भाऊजी समोर बघत होते.

"कधी लावणार आहेस?" त्यांनी विचारलं.

"लावून झालं, काका."

केतकीने रंगाच्या कागदाची एक पट्टी डोळ्याला लावली आणि निळ्या उजेडाची छोटी बॅटरी पेटवली. बुबुळाच्या मधोमध ज्वारीच्या दाण्याएवढा हिरवा डाग चमकला. तिने फोनवर फोटो काढून जयदीपच्या हातात दिला.

"ही जखम आहे, दादा. बुबुळावरची पारदर्शक त्वचा इथे सोललेली आहे. तीन रविवार सळईने घासून."

"पण माझ्या बाबांना दुखलं कसं नाही?" जयदीपचा चेहरा पांढरा पडला होता.

"कारण शुगरने नसा बधिर केल्यात. पायाच्या होतात ना, खडा टोचला तरी कळत नाही, तसंच डोळ्याचं. शुगर जुनी असली की डोळ्याच्या वरच्या पडद्याला स्पर्श कमी कळतो. कळलं नाही की पाणी कमी येतं, पापणी कमी मिटते, डोळा कोरडा पडतो. त्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की त्या छेदाने उरलेल्यातल्या काही नसाही तुटतात. त्या हळूहळू भरून येतात, महिने लागतात. तोपर्यंत डोळ्याला रखवालदारच नाही. म्हणून तर दिवसातून सहा वेळा थेंब दिले होते! आणि शुगर असली की जखम भरतेही हळू. ऑपरेशन चांगलंच झालं होतं, काका. आतलं भिंग अजूनही एकदम क्लिअर आहे. बिघडतोय तो वरचा पडदा."

"म्हणजे मी निर्मळ नाही," भाऊजी हळूच म्हणाले. "बधिर आहे."

"तुम्ही पेशंट आहात," केतकी म्हणाली. "त्यात पापही नाही आणि पुण्यही नाही. शूज घाला, आत्ता हॉस्पिटलला जायचंय."

त्यांनी स्वतःच्या हाताने माळ काढली आणि पेढ्यांच्या ताटात ठेवली.

पुढचा आठवडा वाईट गेला. जखमेत जंतू शिरायला सुरुवात झाली होती. तासातासाला औषध, डोळ्यावर प्लास्टिकचं कवच. औषधाने आणि पाझराने डावा डोळा धुरकट, उजव्याला आधीच फक्त उजेड. अठरा वर्षं साखरेच्या गोळ्या विसरणारा माणूस घड्याळ लावून औषध मागू लागला. शनिवारी केतकी म्हणाली की डाग आकसतोय, पण डोळा वाचला असं ती अजून म्हणणार नाही. त्यावर भाऊजींनी विचारलं, "उद्या रविवार ना? मला हॉलमध्ये ने."

रविवारी तोच हॉल, त्याच गाड्या. कार्यक्रमपत्रिकेत एक ओळ नवी होती. 'अनुभवकथन, श्रीमती वैजयंती.' ती जयदीपने घातली होती. त्याचे साहेब पाहुण्यांच्या खुर्चीत बसलेले असताना घातली होती, हे त्याच्या बाजूने लिहून ठेवते. अवर सचिवासाठी ही लढाईच.

बाबा खुशीत होते. मास्तरीणबाई अनुभव सांगणार म्हणजे आणखी दहा गिऱ्हाइकं. मी मंचावर गेले, काचेचा पेला टेबलावर ठेवला, त्यात पाणी ओतलं आणि वर चिमूटभर सब्जा टाकला.

"याला पाच मिनिटं लागतील," मी म्हटलं. "बाबा इतका वेळ मंत्र म्हणतात. आपण तोवर चहा घेऊ. श्रीरंगभाऊजी बोलतील."

भाऊजी पहिल्या रांगेतल्या आपल्या खुर्चीवरून अलकाताईचा हात धरून उठले. डोळ्यावर कवच होतं, त्यामुळे हॉलकडे तोंड वळवायला त्यांना जरा वेळ लागला.

"मी निर्मळ क्रमांक एक," ते म्हणाले. "मला तुम्ही कुणी दिसत नाही. म्हणून विचारतो. या रांगेत जे माळ घालून बसलेत, त्यातले लाल दोऱ्याच्या थर्मासचा चहा पिणारे कोण? हात वर करा. वैजू, तू मोज."

आधी कुणी हलेना. मग एक हात वर गेला, मग दुसरा. भाऊजींचा धरून आठ. नववे गृहस्थ, दिनकरराव, हात मांडीवर ठेवून छताकडे बघत होते. तेवढ्यात मागून त्यांच्या पत्नीचा आवाज आला, "अहो, तुम्हाला बारा वर्षं शुगर आहे ना! म्हणजे इथे येऊन तुम्ही गोड चहा पिता?"

हॉल हसला. त्या चार रविवारांतलं ते पहिलं प्रामाणिक हसू होतं.

"नवाच्या नऊ," मी म्हटलं. "बाबांच्या शिष्याने दारात प्रत्येकाला साखर विचारली होती. कशासाठी, ते आता कळलं असेल. ज्यांच्या डोळ्याच्या नसा साखरेने मारल्या, त्यांना अंजन झोंबत नाही. हे मन बघत नाहीत. हे तुमचा आजार बघतात आणि त्यालाच हार घालतात." मग मी पेला उचलला. करड्या गोळ्यांनी तो अर्धा भरला होता. मी बाबांच्याच सळईने एक गोळा काढून वर धरला. "आणि हे जाळं. या पाण्याला मोतीबिंदू नव्हता."

बाबांनी माइक ओढला. "यह नास्तिक लोग हैं, माउली! इनके मन में मैल है, इसलिए..."

"मैल आहे ना? मग तपासून घ्या," मी म्हटलं. "तुमच्याच डबीतलं अंजन आधी तुमच्या डोळ्यात घाला. रडलात तर पाप वाहील, नाही रडलात तर निर्मळ ठराल. दोन्हीकडून तुमचाच फायदा."

बाबांनी डबीकडे पाहिलं, मग हॉलकडे. "आज मुहूर्त नहीं है."

"आप को शुगर कितने साल से है, महाराज?" पहिल्या रांगेतून कुणीतरी विचारलं.

त्यानंतर मुहूर्त आणखीच बिघडला. चांदीची डबी झब्ब्याच्या खिशात गेली, शिष्याने फॉर्मचा गठ्ठा उचलला आणि नाशिकचे हे माजी रहिवासी मागच्या दाराने निघाले. फॉर्मचा गठ्ठा मात्र जयदीपने दारातच काढून घेतला. पोलिसांत तक्रार त्याच गठ्ठ्यासकट दिली. जॉइंट सेक्रेटरी साहेब उठले, शर्ट झटकला आणि जयदीपला म्हणाले, "मैं तो बस ऑब्ज़र्व करने आता था." चार रविवार ऑब्झर्व करून त्यांना काय दिसलं, ते त्यांनी सांगितलं नाही.

त्याच दुपारी केतकीने हॉलच्या कोपऱ्यात खुर्ची मांडून बाकीच्या आठही निर्मळांचे डोळे निळ्या उजेडात पाहिले. चौघांच्या डोळ्यांवर ओरखडे होते. दिनकररावांच्या डोळ्यात पू धरला होता, आणि त्यांना पत्ता नव्हता. त्यांना त्याच संध्याकाळी दवाखान्यात दाखल केलं.

मानेसरच्या पत्र्याच्या आश्रमाला सध्या कुलूप आहे. तो माणूस दुसऱ्या नावाने दुसरीकडे दुकान मांडेल, यात मला शंका नाही. त्याच्याबद्दल मला काही म्हणायचं नाही, चोर चोरी करतो. म्हणायचं आहे ते तुमच्याबद्दल. तुम्ही शिकलेले, पदवाले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदांवर 'तपासून सादर करावे' असं लिहिणारे. स्वतःचा डोळा सादर करताना मात्र तुम्ही काही तपासलं नाही. पाण्यात एक दाणा टाकून बघायला पाच मिनिटं लागतात. नऊ माणसांत काय सारखं आहे, हे बघायला एक चहा लागतो. तेवढंही करायचं नसेल तर तुमच्या शिक्षणाचं काय लोणचं घालायचं?

घरात कुणाला मधुमेह असेल आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल, तर एवढं करा. साखर ताब्यात ठेवा. दिलेले थेंब दिलेल्या दिवसांपर्यंत घाला, कुणाच्या सांगण्यावरून बंद करू नका. डोळा लाल झाला, धुरकट दिसू लागलं, तर दुखत नसलं तरी डॉक्टरकडे जा. दुखत नसेल तर आधी जा. डॉक्टरने दिलेल्या औषधाखेरीज डोळ्यात काही घालू नका. अंजन नाही, मध नाही, गुलाबपाणी नाही. कुणी 'अनुभव घ्या' म्हणालं, तर तो आधी त्याच्या डोळ्यात घ्यायला सांगा.

भाऊजींची जखम भरायला सात आठवडे लागले. बुबुळावर एक पुसट पांढरा डाग राहिला, तो राहणार. पेपरचे मथळे ते वाचतात, बातमी भिंगाने वाचतात. नकाशातली ती वाडी त्यांना दिसत नाही. मी विचारलं नव्हतं, त्यांनीच सांगितलं.

फेब्रुवारीत केतकीने पुन्हा कापसाची वात ओढली. अलकाताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. वात बुबुळाला टेकली आणि भाऊजींची पापणी फडफडली, डोळ्यातून पाणी आलं.

"आई गं!" ते ओरडले. "टोचलं!"

ताई रडायलाच लागली. भाऊजी डोळा पुसत हसत होते आणि पुन्हा पुन्हा तेच सांगत होते. "अगं टोचलं, अलका. थोडंसं, पण टोचलं."